काकूंच्या गाडीला किती वायर लागते

“तिन्हीतला एक सांग, आणि कारणासकट सांग. नुसतं ‘हा घ्या’ म्हणालास तर चालायचं नाही,” असं म्हणत सुनंदाकाकूंनी दोन कॅटलॉग माझ्यासमोर वर्कबेंचवर आपटले. तिसरा पर्याय कॅटलॉगमध्ये नव्हता. तो वसंतकाका एका काळ्या गार्बेज बॅगेत भरून, गॅरेजच्या दारातून ओढत आणत होते.

“हा बघ मिलिंद. एकदम फुकट,” काका म्हणाले आणि त्यांनी बॅग उलटी केली. एका जुन्या सेडान गाडीची अख्खी वायरिंग जमिनीवर पसरली. तेलकट, धुळकट, आणि जागोजागी टेप सुटलेली.

मी कपाळाला हात लावला.

ही २००४ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या ओहायोतलं डब्लिन, मार्च महिना, गॅरेजमध्ये जॅकेट घालून उभं राहावं लागेल इतकी थंडी. मी मूळचा नाशिकचा. कोलंबसजवळच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत हार्नेस इंजिनिअर होतो. आमच्या महाराष्ट्र मंडळात हे सांगितलं की समोरचा माणूस गोंधळायचा. कारण बाकी सगळे आयटीत. मग कोणीतरी सांभाळून विचारायचा, “म्हणजे वायरिंगचं काम?” त्या ‘वायरिंगचं काम’मध्ये जो सूर असायचा ना, त्याने माझं डोकं फिरायचं. एकदा मी एकाला म्हणालो सुद्धा, “हो, आणि तुम्ही टायपिंगचं काम करता ना?” बायकोने घरी आल्यावर मला चांगलंच झापलं होतं.

तर हार्नेस म्हणजे काय, ते आधी सांगतो. गाडीत हेडलाइट, हॉर्न, फॅन, इंडिकेटर अशा पन्नास गोष्टींना वीज लागते. प्रत्येकीला सुटी वायर टाकत बसलं तर गाडीची गोधडी होईल. म्हणून कुठली वायर कुठून कुठे जाणार हे आधी ठरवून, सगळ्या वायरी मोजून कापून, टोकांना कनेक्टर लावून, एकत्र बांधून तयार जुडी करतात. ती जुडी म्हणजे हार्नेस. बाजारातली मेथीची जुडी असते तशीच, फक्त या जुडीतली एक काडी चुकली तर गाडी रस्त्यात उभी राहते.

आता काकू. सुनंदाकाकू तेव्हा साठीच्या आसपास होत्या. हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट. नवऱ्याचा चष्मा स्वतः पुसून त्याच्या नाकावर नीट बसवणारी बाई, पण कोणाचं ऐकून घेणारी नव्हे. वसंतकाका पूल बांधणारे इंजिनिअर, नुकतेच रिटायर झालेले. माणूस सज्जन, पण गाडीत बसले की वेगळे. दोघं बरोबर निघाले की स्टिअरिंग कायम काकांकडे. काकू एकट्या रोज हॉस्पिटलला ड्राइव्ह करत जायच्या, बर्फातसुद्धा. पण काका शेजारी असले आणि काकू चालवायला बसल्या, की काका उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबायचे. “अगं, पुढे बघ. अगं, लाल होतोय. अगं, लेन.” शेवटी काकूंनी त्यांच्याबरोबर असताना किल्ली हातात घेणंच सोडून दिलं. लग्न झाल्यापासून हे असंच चाललेलं.

मग एक दिवस काकूंनी किट कार मागवली. किट कार म्हणजे गाडी खोक्यांमधून घरी येते. लोखंडी फ्रेम, फायबरग्लासची बॉडी आणि बाकी सुटे भाग. इंजिन, चाकं, ॲक्सल हे एखाद्या जुन्या गाडीतून काढून बसवायचे. त्या जुन्या गाडीला डोनर कार म्हणतात. काकूंची किट कार दोन सीटची, छप्पर नसलेली, गोल हेडलाइटवाली, जुन्या इंग्लिश धाटणीची होती. वर्षभर त्या शनिवार-रविवार गॅरेजमध्ये खपत होत्या. आणि गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात त्यांनी माइकवर जाहीर करून टाकलं: यंदा गावातल्या चार जुलैच्या, अमेरिकन स्वातंत्र्यदिनाच्या परेडमध्ये मंडळाचा झेंडा माझ्या गाडीवर असेल, गाडी मी चालवणार, आणि शेजारी हे बसणार.

हॉलमध्ये लोक हसले. सगळ्यात मोठ्याने काका हसले.

“आधी चालू तर होऊ दे,” काका म्हणाले.

काकूंनी माइक परत दिला आणि त्या शांतपणे खाली बसल्या. मी त्यांच्या मागच्याच रांगेत होतो. त्यांची मान लाल झालेली मला दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन. “मिलिंद, तू वायरिंगचं काम करतोस ना? ये.” काकूंच्या तोंडून मात्र ते मला लागलं नाही.

मी जाताच एक गोष्ट स्पष्ट केली. “काकू, मी व्हिसावर आहे. कंपनीबाहेर काम करून पैसे घेणं मला कायद्याने चालत नाही.”

“तुला पैसे कोण देतंय?” काकू म्हणाल्या. “जेवायला थालीपीठ आहे.”

असं ते कंत्राट ठरलं.

आता ते तीन हार्नेस. पहिला काकांचा, डोनर कारमधून काढलेला. मी जमिनीवर बसलो, एक वायर उचलली आणि वाकवली. वरचं प्लास्टिक कडक होऊन तडकलं. “काका, ही वायर इंजिनच्या उष्णतेत भाजून निघालीय. शिवाय यात पॉवर विंडोच्या वायरी आहेत, एसीच्या आहेत, मागच्या काचेच्या हीटरच्या आहेत. काकूंच्या गाडीला मागची काचच नाही. आणि काढताना तुम्ही कनेक्टर कापलेत.”

“ते जोडता येतील.”

“प्रत्येक जोड म्हणजे उद्याचा बिघाड.”

“बरं, पण वायर चांगली तांब्याची आहे,” काका म्हणाले आणि त्यांनी बॅग पुन्हा भरून कोपऱ्यात ठेवली. त्या कोपऱ्यात आणखी बऱ्याच बॅगा होत्या.

दुसरा हार्नेस कॅटलॉगमधला सगळ्यात मोठा. त्यात सगळंच होतं. पॉवर विंडो, पॉवर लॉक, डिकीचा दिवा, दोन फॅन, दोन हॉर्न. काकूंना तो आवडला होता, कारण त्याच्या प्रत्येक वायरवर ती कशाची आहे ते दर काही इंचांवर छापलेलं होतं.

“लेबल नसलेली बाटली मी शेल्फवर ठेवत नाही,” काकू म्हणाल्या.

“लेबल तिसऱ्यावरही आहे काकू. आणि मोठ्यातल्या निम्म्या वायरी तुम्हाला लागणारच नाहीत. ज्या गाडीला काच नाही तिला पॉवर विंडोच्या वायरी घालून त्या कुठे लपवणार?”

तिसरा हार्नेस छोटा होता. गाडीला रस्त्यावर यायला जेवढं लागतं तेवढंच. हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकलाइट, हॉर्न, वायपर, फॅन, इग्निशन. इंजिन जुन्या पद्धतीचं, कार्ब्युरेटरवालं असल्यामुळे कॉम्प्युटरची भानगड नव्हती. माझा कल याच्याकडे होता. पण लगेच हो म्हणालो नाही. आमच्या धंद्यात कॅटलॉग बघून निर्णय घेणारा माणूस सहा महिन्यांत नोकरी शोधत असतो.

सोमवारी ऑफिसमध्ये मी हे माझ्या बॉसला सांगितलं. गॅरी म्हणजे उंच, टक्कल पडलेला, कधीही आवाज न चढवणारा माणूस. त्याने आयुष्यभर हार्नेसच केले होते.

“कस्टमर कोण?” गॅरीने विचारलं.

“साठ वर्षांची फार्मसिस्ट.”

“गाडीचं सगळ्यात कठीण काम कुठलं?”

“हायवेला जाईल कधीतरी.”

“हायवे सोपा असतो,” गॅरी म्हणाला. “हवा फुकट मिळते. तिला विचार, ही गाडी सगळ्यात हळू कुठे चालणार आहे, आणि त्या वेळी काय काय चालू असेल.”

लगेच डोळ्यांसमोर आली ती परेड. जुलैच्या उन्हात, माणसाच्या चालीने, पुढे फायर ट्रक आणि मागे शाळेचा बँड. वेगात असताना समोरची हवा रेडिएटर थंड करते. चालीच्या वेगात ती हवा नसते, म्हणून इलेक्ट्रिक फॅन सतत फिरत राहायला हवा. आणि नेमकं त्याच वेळी इंजिन सावकाश फिरत असल्यामुळे वीज कमी बनते. थोडक्यात, जास्तीत जास्त खर्च आणि कमीत कमी कमाई, दोन्ही एकाच वेळी. माझ्या नोकरीत मी हे गणित रोज करायचो. पण काकूंच्या गाडीच्या बाबतीत ‘घरचीच तर गाडी’ म्हणून डोकं बाजूला ठेवून गेलो होतो.

शनिवारी मी काकूंना उलटं काम करायला लावलं. “वायर विसरा. आधी टोकं सांगा. परेडमध्ये काय काय चालू असेल?”

“फॅन. हेडलाइट, कारण मला ते आवडतात. इंडिकेटर. हॉर्न, मुलांसाठी.”

“आणि लेझीमचं म्युझिक,” काका मध्येच म्हणाले. “मंडळाने दोन मोठे स्पीकर द्यायचं कबूल केलंय.”

“नाही.”

“अरे, म्युझिकशिवाय झेंडा कसला?”

“काका, म्युझिक स्वतःच्या बॅटरीवर आणि मागच्या व्हॅनमध्ये. या गाडीवर एक बल्बही जास्तीचा लावायचा नाही. मी आत्ताच सांगून ठेवतो.”

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “डॉक्टर दहा औषधं लिहितो, त्यातली चार एकमेकांशी भांडतात. मी रोज हेच तर बघते. तू म्हणतोस तो छोटा हार्नेस मागवू.”

एक दुरुस्ती मात्र मी सांगितली, आणि किट कार बांधणाऱ्या कोणालाही मी ती आजही सांगतो. साध्या गाडीत वीज वायरने दिव्यापर्यंत जाते आणि परत येताना गाडीच्या लोखंडी पत्र्यातून येते. परतीच्या या वाटेला ग्राउंड म्हणतात. बाजारातले तयार हार्नेस ही वाट गाडीतच आहे असं धरून चालतात. पण काकूंच्या गाडीची बॉडी फायबरग्लासची. त्यातून वीज वाहत नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला, फॅनला, हॉर्नला परतीची वेगळी वायर द्यायची. फॅनसाठी जाणारी आणि येणारी, दोन्ही वायरी किती जाड हव्यात ते मी हिशेब करून दिलं. वायर जितकी लांब तितकी वाटेत वीज वाया जाते, म्हणून जाडी ठरवताना लांबी धरावी लागते. तीही मी टेपने मोजून धरली.

हार्नेस आला. काकूंनी कनेक्टर लावायला शिकून घेतलं. त्यांचा हात फार नेमका. वायरच्या टोकाचं प्लास्टिक सोलताना आतली तांब्याची एकही तार तुटू द्यायच्या नाहीत. आमच्या प्लांटमध्येही इतकं स्वच्छ काम करणारी माणसं मोजकीच असतील.

आणि एप्रिलअखेर कंपनीने मला मेक्सिकोच्या प्लांटवर पाठवलं. नवीन मॉडेलचं प्रॉडक्शन सुरू होणार होतं, घोडं कुठेतरी अडलं होतं, आणि मी तिथे अडकलो तो मे उलटून गेला. काकूंशी फोनवर बोलणं व्हायचं.

“सगळ्या वायरी टाकून झाल्या,” काकू म्हणाल्या. “आता डॅशबोर्डच्या मागे नीट बांधायच्यात. ते काम ह्यांना दिलंय. नाहीतर दिवसभर माझ्या खांद्यावरून वाकून बघत बसतात.”

“काका, वायरी सगळीकडे पोचल्या की जास्तीची लांबी कापायची,” असं मी काकांना फोन द्यायला सांगून बजावलं. तयार हार्नेस कुठल्याही गाडीत बसावा म्हणून त्याच्या वायरी मुद्दाम भरपूर लांब देतात. छोट्या गाडीत त्यातली निम्मी कापून टाकावी लागते.

“हो हो,” काका म्हणाले.

जूनच्या मध्याला मी परत आलो तर गाडी उभी होती. हिरवी, चकचकीत. स्टेटचं इन्स्पेक्शन पास झालेलं, नंबर प्लेट लागलेली. हेडलाइट लागत होते, हॉर्न वाजत होता. काकू नुसत्या गाडीभोवती फिरत होत्या. मलाही भरून आलं. दिवसभर मी हार्नेसची ड्रॉइंग बघतो, पण कुणाच्या तरी गाडीत तो धडधडताना बघायला मिळणं फार क्वचित.

“आता परेडची प्रॅक्टिस,” मी म्हणालो.

रविवारी दुपारी, शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये आम्ही गाडी नेली. चांगलंच ऊन होतं. काकू स्टिअरिंगवर, काका शेजारी. मी बाजूने चालत. काकूंना सांगितलं, माझ्या चालीने चालवा. हेडलाइट चालू, फॅन चालू.

“अगं, क्लच,” काका म्हणाले.

“अहो, गप्प बसा,” काकू म्हणाल्या.

पहिल्या काही फेऱ्या छान झाल्या. मग मला फॅनचा आवाज बदललेला जाणवला. जोरात फिरणारा फॅन दमल्यासारखा झाला. हेडलाइट पिवळट पडले. टेम्परेचरचा काटा वर सरकू लागला.

“बंद कर. बंद कर. इंजिन जाईल,” काका ओरडले.

काकूंनी गाडी बंद केली. उतरल्या. ग्लव्ह्ज काढून सीटवर ठेवले. आमच्या दोघांपैकी कोणाकडेही न बघता म्हणाल्या, “मंडळाला फोन करून सांगते. ट्रेलर मिळतो का बघा म्हणावं. झेंडा कशावर तरी न्यायला हवा.”

 काकू रडल्या असत्या तर बरं झालं असतं. ती बाई नुसती रुमालाने हात पुसत उभी होती. आणि मला भयंकर राग आला, तो स्वतःचा. हिशेब माझा होता, हार्नेस मी निवडला होता. चुकला असेल तर माझं चुकलं होतं.

“काकू, कोणालाही फोन करायचा नाही. गाडी थंड होऊ दे. घरी जाऊन बघू.”

घरी आल्यावर मी इंजिन पुन्हा चालू केलं आणि वीज मोजायचा मीटर काढला. वीज शोधायची एक साधी पद्धत आहे. पाणी कुठे गळतंय ते बघायला नळापासून टाकीपर्यंत जातो तसं एकेका ठिकाणी मोजत जायचं. बॅटरीवर मोजलं, ठीक. फ्यूज बॉक्सवर मोजलं, ठीक. फॅनच्या कनेक्टरवर मोजलं, तर कितीतरी कमी. म्हणजे फॅन चांगला, बॅटरी चांगली, फ्यूज बॉक्स चांगला. वीज हरवत होती ती मधल्या वायरीत. पण वायरीची जाडी मी स्वतः ठरवलेली. कनेक्टर काकूंनी लावलेले. ते एक एक ओढून पाहिले, एकही ढिला नव्हता.

मग मी डॅशच्या खाली हात घातला. आत काहीतरी मऊ, जाड आणि गरम लागलं.

“काका, हे पॅनल काढायचं.”

“कशाला? छान बसलंय ते,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं.

मी स्क्रू काढले. पॅनल खाली आलं आणि मागचं दर्शन झालं. ताटात चकल्या मांडाव्यात तशी वायरींची वेटोळी, एकाशेजारी एक. हेडलाइटचं वेटोळं, हॉर्नचं वेटोळं, आणि सगळ्यात मोठं फॅनचं, जाणारी वायर आणि परतीची वायर एकत्र गुंडाळलेली. प्रत्येक वेटोळं ब्रेडच्या पिशवीला येते त्या छोट्या तारेने बांधलेलं. ओहायोतल्या कुठल्याही मराठी घरातला किचनचा ड्रॉवर उघडा, या तारा मूठभर सापडतील. त्या कधीच कोणी टाकत नाही.

“काका, एकही वायर कापली नाहीत?”

“एकदा कापली की कापली,” काका म्हणाले. “परत लांब होत नाही. उद्या हेडलाइट पुढे सरकवायचा झाला तर?”

“हेडलाइट कुठे सरकणार? बॉडीला भोक पाडलंय त्याच्यासाठी.”

“तरी पण. चांगली वायर आहे रे. आणि पुलात आम्ही नेहमी थोडी जागा सोडतो. लोखंड वाढतं उन्हाळ्यात.”

“थोडी जागा सोडता काका. जास्तीचा अख्खा पूल करून, गुंडाळून नदीत नाही ठेवत.”

काकू मागे उभं राहून ऐकत होत्या. त्या फिसकन हसल्या. मीही हसलो. पण काका हसले नाहीत. ते वायरीच्या वेटोळ्याला हात लावून बघत होते. गरम लागल्यावर हात मागे घेतला.

मी त्यांना समजावून सांगितलं. फॅनची वीज आता मोजलेल्या वाटेच्या दुप्पट वाटेने जात होती आणि दुप्पट वाटेने परत येत होती. वाटेतच दमत होती. आणि गुंडाळून ठेवल्यामुळे वायरीची उष्णता बाहेर पडायला जागा नाही, म्हणून ती आणखी तापायची. तापली की आणखी वीज खायची. रस्त्यावर भर वेगात हे कळलं नसतं. परेडच्या चालीत कळलं.

काका वर्कबेंचच्या स्टुलावर बसले. “म्हणजे माझ्यामुळे,” ते म्हणाले. मग काकूंकडे बघून, अगदी हळू, “सुनंदा, खरंच मी मुद्दाम नाही केलं गं. मला वाटलं, तुझी गाडी आहे, उद्या काही कमी पडायला नको.”

काकूंनी ड्रॉवरमधून कटर काढला आणि त्यांच्या हातात दिला.

“माहितीये मला. आता तुम्हीच कापा,” त्या म्हणाल्या.

काकांनी फॅनची वायर हातात धरली. मी खूण करून दिली होती. त्यांनी कटर लावला, काढला, पुन्हा लावला. पाच हजार टनांच्या पुलाच्या कागदावर सही करणारा माणूस, एक वायर कापायला घाम फुटलेला. शेवटी त्यांनी डोळे मिटून दाबलं. टक्.

पुढच्या वायरी त्यांनी भराभर कापल्या. काकू टोकांना नवे कनेक्टर लावत गेल्या. मी मोजत गेलो. उन्हं उतरायच्या आत सगळं परत जागेवर होतं आणि डॅशच्या मागे इतकी जागा झाली होती की काकूंनी विचारलं, “इथे पर्स राहील?” कापलेले तुकडे काकांनी फेकले नाहीत, ते वेगळं सांगायला नको. दह्याच्या रिकाम्या डब्यात भरून वर झाकण लावलं.

आम्ही पुन्हा शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये गेलो. चालीच्या वेगात फेऱ्या मारल्या. फॅन एकसुरात फिरत राहिला. काटा मधोमध येऊन थांबला आणि तिथून हलला नाही. काकू म्हणाल्या, “अजून एक फेरी.” मग आणखी एक. शेवटी चालून चालून माझेच पाय दुखायला लागले.

चार जुलैला सकाळपासून ऊन रणरणत होतं. परेडमध्ये आमचा नंबर नेमका फायर ट्रकच्या मागे. दर दोन मिनिटांनी तो थांबायचा, पोरांना कँडी वाटायचा आणि आमच्या तोंडावर गरम हवा सोडायचा. यापेक्षा वाईट परीक्षा मला लॅबमध्येही घेता आली नसती. मी झेंड्याच्या बाजूने चालत होतो, आणि खरं सांगायचं तर लोकांकडे माझं लक्षच नव्हतं. सगळं लक्ष फॅनच्या आवाजाकडे. लेझीम मागच्या व्हॅनमध्ये वाजत होती. काकूंनी नऊवारी नेसली होती, डोळ्यांवर गॉगल. काका शेजारी टोपी घालून, सुरुवातीला सीटची कड घट्ट धरून. उजवा पाय मधूनमधून पुढे जायचा. मग काकू हॉर्न वाजवायच्या आणि फुटपाथवरची पोरं ओरडायची, आणि काकांचा पाय थोडा मागे यायचा.

परेड संपली. काटा मधोमधच. माझा जीव भांड्यात पडला. मंडळाची माणसं पाण्याच्या बाटल्या आणि बटाटेवडे घेऊन थांबली होती. गुढीपाडव्याला हसलेले बरेच जण त्यात होते, आणि सगळे टाळ्या वाजवत होते. काकू गाडी हळू करत आमच्यापर्यंत आल्या, झेंडा काढून माझ्या हातात दिला, आणि थांबल्याच नाहीत. गिअर टाकला आणि सरळ नदीकाठच्या रस्त्याला लागल्या.

“काकू गेल्या कुठे?” कोणीतरी विचारलं.

“फिरायला,” मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

वडे संपले, लोक पांगायला लागले, तेव्हा हिरवी गाडी परत आली. काकूंचे केस वाऱ्याने पार विस्कटले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली. शेजारच्या सीटवर काका तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

“गावाबाहेर पडलो तसे झोपले,” काकू कुजबुजल्या. “मी गाडी चालवतेय आणि हे झोपलेत, असं आजवर एकदाही झालेलं नाही.” त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या ते गॉगलखाली लपवायचा प्रयत्नही करत नव्हत्या.

मंगळवारी ऑफिसमध्ये गॅरीने विचारलं, “फार्मसिस्टची गाडी काय म्हणते? फॅन टिकला?”

“टिकला.”

“आणि कस्टमरने सही करून साइन-ऑफ दिला?”

“साइन-ऑफ नाही. नवरा शेजारी झोपला.”

गॅरीने कॉफीचा कप खाली ठेवला. जरा विचार केला.

“मग पास,” तो म्हणाला.

मी पुढे बरीच वर्षं हार्नेस केले. मोठ्या कंपन्यांचे, ट्रकचे, एकदा तर शेतावरच्या मशीनचेही. आता किट कार बांधणारे लोक फोन करून विचारतात, कुठला हार्नेस घेऊ. मी म्हणतो, तुमची गाडी सगळ्यात हळू कुठे चालणार ते आधी सांगा, त्याला पुरेल तो घ्या, आणि जास्तीची वायर त्याच दिवशी कापा. नवऱ्याला कापायला लावली तर उत्तम.